पॉइंटवाल्या जुन्या बुलेटसाठी स्पार्क प्लगची गॅप किती ठेवावी?

घाटवाट:

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९९४ सालची ३५० सीसी बुलेट आहे. कास्ट आयर्नचा बॅरल, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, १२ व्होल्टची बॅटरी आणि पॉइंट-कंडेन्सरचे (यांत्रिक संपर्काने प्रवाह तोडून ठिणगी उडवणारे) इग्निशन हे सगळे मूळचेच ठेवले आहे. गेल्या महिन्यात जुना प्लग काढताना पाना तिरका बसला आणि प्लगचा पांढरा भाग (इन्सुलेटर) तडकला. तेव्हा घाईत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून एनजीकेचा बीपीआर६ईएस-११ हा प्लग आणला आणि डब्यातून निघाला तसाच बसवला.

तेव्हापासून सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते आणि दोन-तीन किकमध्ये सुरूही होते. परंतु वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात, मागे माणूस बसलेला असताना आणि तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळला असताना ती मिसिंग करू लागते, म्हणजे मधेच ठिणगी चुकून धक्के देते; थ्रॉटल थोडा सोडला की मिसिंग थांबते. प्लग काढून पाहिला तर त्याचा रंग बिस्किटासारखा फिकट तपकिरी आहे, काजळी अजिबात नाही. प्लग हेडला टेकवून किक मारली असता ठिणगी निळी आणि नियमित दिसते, म्हणून कॉइलमध्ये (बॅटरीचे व्होल्ट वाढवणाऱ्या भागात) दोष नसावा, असा माझा समज आहे.

गॅपविषयी, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधील (धातूच्या टोकांमधील) फटीविषयी, मला तीन सल्ले मिळाले आहेत. दुकानदार म्हणाले की गॅप कारखान्यात लावूनच येते, तिला हात लावू नये. आमचे मेस्त्री म्हणतात की हेक्सॉ ब्लेड जेमतेम सरकेल एवढीच गॅप ठेवावी. एक मित्र ठामपणे सांगतो की गॅप जितकी जास्त तितकी ठिणगी मोठी, आणि ठिणगी मोठी तर मायलेजही चांगले. तिघांपैकी कोणाचे ऐकावे हा प्रश्न आहेच, पण मुळात गॅप ठरते कशावरून, हे मला समजून घ्यायचे आहे. पुढेमागे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवण्याचा विचार आहे; तेव्हा हा आकडा बदलेल का?

खडूफळा:

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, क्षमस्व.

आपल्या तक्रारीचा मोठा भाग प्लगच्या नावातच लिहिलेला आहे. एनजीकेच्या पद्धतीत बी म्हणजे १४ मिमीचे आटे, पी म्हणजे पुढे आलेला इन्सुलेटर, आर म्हणजे आतला रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे, आणि शेवटचा ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. आपण १.१ मिमी गॅपचा प्लग अशा इग्निशनवर लावला आहे, ज्याच्यासाठी ०.५ ते ०.६ मिमी, म्हणजे जुन्या मेस्त्रींच्या भाषेत वीस ते पंचवीस थाउ (इंचाचे हजारावे भाग), एवढीच गॅप अपेक्षित असते. दुकानदारांचे म्हणणे एका अर्थाने खरे आहे, कारण गॅप कारखान्यात लावलेली असते. मात्र ती कोणत्या इंजिनासाठी लावली आहे, हे त्या डब्याला माहीत नसते. तोच प्लग थोड्याफार फरकाने अनेक मोटारींत, मोटरसायकलींत आणि पाण्याच्या पंपांवर चालतो.

आता कारणाकडे येऊ. दोन इलेक्ट्रोडांमधील हवेतून ठिणगी उडण्यासाठी किती व्होल्ट लागतील, हे त्या दोघांमधील अंतर आणि मधल्या वायूची घनता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले. उघड्या हवेत ०.६ मिमी गॅप ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात आणि १.१ मिमीला पावणेपाच हजारांच्या आसपास लागतात. एवढे तर मरतुकडी कॉइलही देते. परंतु पिस्टन वर येऊन मिश्रण दाबले गेले आणि त्याची घनता पाचपट झाली, की ०.६ मिमीसाठी साडेदहा हजारांच्या आणि १.१ मिमीसाठी अठरा हजारांच्या आसपास व्होल्ट लागू लागतात. हे आकडे ढोबळ आहेत. इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतील तर ते उतरतात, कडा झिजून गोल झाल्या असतील किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर चढतात. म्हणूनच प्लग हेडला टेकवून पाहिलेली निळी ठिणगी फारसे काही सिद्ध करत नाही. तिने परीक्षेतला सर्वांत सोपा प्रश्न सोडवून दाखवला, एवढेच. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कॉइल तपासताना उघड्या हवेत किमान ६ मिमी उडी मागितलेली असते, ती याच कारणासाठी.

मिसिंग घाटातच का होते, तेही यातून उलगडते. थ्रॉटल अर्धा मिटलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जाते, घनता कमी राहते आणि कॉइलचे भागते. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर पूर्ण भरतो, व्होल्टची गरज एकदम वाढते, आणि जेव्हा ती गरज कॉइलच्या ताकदीपलीकडे जाते तेव्हा ठिणगी उडतच नाही, किंवा प्लग सोडून कॅपमधून अथवा तडकलेल्या इन्सुलेटरवरून पळवाट काढते. घाटात उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून गाडी मिसिंग करते, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. विरळ हवेत ठिणगीला उलट कमी व्होल्ट लागतात, आणि वाई व पाचगणी यांच्या उंचीतील फरक तसाही एवढा नाही की इग्निशनला तो जाणवावा.

मग गॅप शक्य तितकी कमी का ठेवू नये, असा प्रश्न माझे विद्यार्थी हमखास विचारतात. ठिणगीने पेटलेला ज्योतीचा पहिला ठिपका अगदी सूक्ष्म असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुलनेने थंड धातू असतो. गॅप फार कमी असेल तर तो धातू त्या ठिपक्याची उष्णता शोषून घेतो आणि ज्योत वाढण्याआधीच विझते. आयडलिंगला, जिथे ताजे मिश्रण कमी आणि जळून उरलेला वायू जास्त असतो, तिथे हा तोटा प्रथम दिसतो: इंजिन अडखळत फिरते, सकाळी जास्त किक माराव्या लागतात. शिवाय अरुंद फटीत काजळीचा एखादा कण अडकला तरी प्लग शॉर्ट होतो. तेव्हा भरल्या थ्रॉटलवर मिसिंग होत असेल तर गॅप जास्त किंवा कॉइल अशक्त असल्याचा संशय घ्यावा, आणि फक्त आयडलिंगला अडखळत असेल तर, कार्ब्युरेटर ठीक असल्याची खात्री करून, गॅप कमी पडते का ते पाहावे.

आपल्या गाडीसाठी मी ०.६ मिमी सुचवेन. कॉइल जुनी असेल तर ०.५५ लाही हरकत नाही.

तेलकट हात:

सरांनी कारण नीट मांडले आहे, मी फक्त हातातले सांगतो. तीस वर्षे बुलेटीच उघडतो आहे.

आपल्या मेस्त्रींच्या ब्लेडची चेष्टा करू नका. हाताच्या करवतीचे साधे हेक्सॉ ब्लेड पंचवीस थाउ जाडीचे, म्हणजे जवळजवळ ०.६४ मिमीचे असते, आणि पॉइंटच्या गाड्यांना तेवढीच गॅप चालते. आमच्या उस्तादांनी सगळी हयात तुटक्या ब्लेडवर काढली. मात्र ब्लेड पाठीच्या बाजूने घालावे, कारण दात आलटून-पालटून बाहेर वळवलेले असल्याने त्या बाजूला जाडी जास्त भरते. वापरलेल्या प्लगला मात्र ब्लेड किंवा पत्तीचे फिलर गेज फसवते. बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून खळगा पडलेला असतो, सपाट पत्ती खळग्याच्या कडांवर टेकते आणि खरी गॅप त्याहून जास्त निघते. अशा ठिकाणी गोल तारेचे गेज वापरावे.

गॅप कमी-जास्त करताना फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवायचा. मधल्या इलेक्ट्रोडचा टेका घेऊन स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले की आतला इन्सुलेटर तडकतो, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. कमी करायची असेल तर प्लग लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवत जावे आणि दर वेळी मोजावे. आणि १.१ चा प्लग ठोकून ०.६ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-अडीच दशांश मिलिमीटरच्या पलीकडे वाकवले की बाजूचा इलेक्ट्रोड तिरपा होतो, दोन्ही तोंडे समोरासमोर राहत नाहीत. शेवटी ११ नसलेला साधा बीपीआर६ईएस किंवा बीपी६ईएस मागा. किमतीत फारसा फरक नाही.

पण गॅपला हात लावण्याआधी पॉइंट उघडून पाहा. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवी. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजली की ही गॅप कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग (ठिणगी उडण्याची वेळ) मागे जाते आणि घाटात गाडी दमते. पॉइंटचे तोंड काळे आणि खडबडीत झाले असेल, किंवा इंजिन चालू असताना तिथे मोठी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर संपला. संपलेल्या कंडेन्सरवर प्लगची गॅप कितीही लावा, घाट चढणार नाही. बॅटरी उतरलेली असेल तरीही कॉइलची ताकद कमी पडते. ॲमीटरवर नजर ठेवा.

पेट्रोलमुळेही घाटात गाडी अडते, तो फरक ओळखायचा असतो. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी काही वेळ नीट ओढते आणि मग हळूहळू दम सोडते. थ्रॉटल मिटला तरी लगेच सावरत नाही. इग्निशनची मिसिंग काठीने मारल्यासारखी येते आणि थ्रॉटल सोडताच जाते. आपण लिहिले आहे ते दुसऱ्या प्रकारचे आहे.

कोणी मध्यंतरी कॉइल बदलली असेल तर तिच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारा उलट तर लागल्या नाहीत, हेही पाहा. गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

खडूफळा:

शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. मधला इलेक्ट्रोड बाजूच्या इलेक्ट्रोडपेक्षा जास्त तापतो, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून मधला इलेक्ट्रोड ऋण असावा अशीच कॉइलची जोडणी केलेली असते. तारा उलटल्या की तीच गॅप ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे गॅप न वाढवताही वाढवल्यासारखे होते.

रांगेतला रिक्षावाला:

माझा प्रश्न याच विषयाला धरून आहे. माझी रिक्षा नव्हे, घरची जुनी पेट्रोल मोटार आहे, तिला नंतर सीएनजी किट बसवले. मॅन्युअलमध्ये गॅप १.० ते १.१ मिमी लिहिली आहे, पण किट बसवणाऱ्याने चारही प्लग ०.८ वर आणले. पेट्रोलवर मला काही फरक जाणवला नाही, सीएनजीवर चढाला मिसिंग थांबली. मग मॅन्युअल चूक म्हणायचे का? आणि वर ज्या मित्राचा उल्लेख आहे त्याचे म्हणणे अगदीच निराधार आहे का? अलीकडच्या मोटारींत गॅप वाढतच गेलेली दिसते.

खडूफळा:

मॅन्युअल चूक नाही. ते पेट्रोलसाठी लिहिलेले आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला पेटवायला पेट्रोलच्या वाफेपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागते. शिवाय पेट्रोलचे थेंब वाफ होताना आत येणारी हवा थंड करतात, तसे वायूच्या बाबतीत होत नाही. इलेक्ट्रोड जास्त तापून लवकर झिजतात आणि गॅप आपोआप वाढत जाते. प्लगच्या ठिकाणी व्होल्टची मागणीही वाढते. म्हणून नंतर किट बसवलेल्या गाडीत गॅप एक-दोन दशांश मिलिमीटरने कमी ठेवण्याची रीत आहे, आणि आपल्या किटवाल्याने योग्यच केले. प्लग तपासण्याचा काळही मॅन्युअलपेक्षा थोडा लवकर धरावा. कारखान्यातूनच सीएनजीवर येणाऱ्या गाडीचे प्लग मात्र तिच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवावेत.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. गॅप मोठी असेल तर ज्योतीचा पहिला ठिपका मोठा होतो आणि पातळ मिश्रण अधिक खात्रीने पेटते. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत पॉइंट काढून एचईआय नावाचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, ते धुराच्या नव्या नियमांमुळे मिश्रण पातळ करावे लागले त्या काळात. तोवर पॉइंटवर चालणाऱ्या त्यांच्या इंजिनांना ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.९ मिमी गॅप असे, ती ०.०६० इंचांवर गेली आणि काही इंजिनांना तर ०.०८०, म्हणजे २ मिमी ठेवली गेली. तेवढी गॅप मात्र टिकली नाही. पुढे त्यांनाही ती कमी करावी लागली, कारण वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर यांच्यावर येणारा ताण झेपेना. म्हणजे आधी कॉइल सबळ झाली आणि मगच गॅप वाढली. उलटा क्रम लावला तर पसरणीच्या घाटात जे घडले तेच घडते. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनांत कॉइल उत्तम असूनही गॅप पुन्हा ०.७-०.८ वर आणलेली दिसते, कारण तिथे दाबच फार जास्त असतो.

घाटवाट यांच्या मूळ प्रश्नातील इलेक्ट्रॉनिक किटचे उत्तर राहिले होते. किट कोणते आहे ते पाहावे लागेल. काही किट फक्त पॉइंटची जागा घेतात आणि जुनी कॉइल तशीच वापरतात. त्यांत झिजणारा भाग जातो आणि ठिणगी दर वेळी ठरलेल्या क्षणी उडते, पण कॉइलचे जास्तीत जास्त व्होल्ट फारसे वाढत नाहीत. अशा किटवर ०.६ च ठेवावी, फार तर ०.७. किटसोबत जास्त ताकदीची कॉइल येत असेल तर किटच्या कागदावर छापलेली गॅप प्रमाण मानावी. तिथे रेझिस्टरचा प्लग किंवा रेझिस्टरची कॅपही आवश्यक असते, नाहीतर ठिणगीच्या लहरी किटच्या सर्किटला गोंधळात टाकतात.

घाटवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवडे लागले, कारण सगळे बदल एकदम न करता एकेक करून पाहायचे असे ठरवले होते.

प्रथम पॉइंट आणि टायमिंगला हात न लावता फक्त प्लग बदलला. १.१ चा प्लग ठोकून पाहण्याचा मोह झालाच, आणि तेलकट हात यांनी सांगितल्याप्रमाणे बाजूचा इलेक्ट्रोड खरोखर तिरपा बसला, म्हणून तो बाजूला ठेवला. शेवटी ११ नसलेला बीपीआर६ईएस आणला आणि तारेच्या गेजने ०.६० वर लावला. मेस्त्रींचे ब्लेड मायक्रोमीटरने मोजले, ते ०.६४ भरले, त्यांना सांगितले तेव्हा ते नुसते हसले. तडकलेला जुना प्लगही मोजला. त्याची गॅप ०.७५ झाली होती आणि मधल्या इलेक्ट्रोडची धार पार गोल झाली होती, म्हणजे प्लग बदलण्याच्या आधीपासूनच गाडी काठावर चालत असावी.

त्याच माणसाला मागे बसवून त्याच घाटात गेलो. तिसऱ्या गिअरमधील मिसिंग पूर्ण गेली. चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात मुद्दाम थ्रॉटल पिळला, तर एक-दोनदा धक्का जाणवला. नंतर पॉइंट उघडले. गॅप ०.२५ निघाली, तोंडावर छोटा खड्डा होता. नवा पॉइंट-सेट आणि कंडेन्सर बसवून ०.३८ वर लावला आणि टायमिंग पुन्हा जुळवून घेतले. आता तो धक्काही नाही, आणि सकाळची किक पहिल्या-दुसऱ्या वेळेला लागते. मिसिंगचा मोठा वाटा प्लगचा होता आणि उरलेला पॉइंटचा, असे मला यावरून वाटते. कॉइलच्या तारा तपासल्या, त्या बरोबर होत्या. इलेक्ट्रॉनिक किटचा विचार तूर्त मागे ठेवला आहे.

एकच शंका राहिली. नवा प्लग किती आवळावा? ॲल्युमिनियमच्या हेडची भीती वाटते, आणि माझ्याकडे टॉर्कचा पाना नाही.

तेलकट हात:

इंजिन थंड असताना प्लग आधी बोटांनीच पूर्ण बसवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे लागले आहेत असे समजून बाहेर काढावा. वॉशर टेकला की नव्या प्लगला पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच आवळावे, कारण नवा वॉशर दबतो. तोच प्लग पुन्हा बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा घड्याळातल्या एका तासाएवढा फेरा पुरे.

आणि नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर झिजते. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक थेंब लावा, पॉइंटच्या तोंडावर जाऊ देऊ नका, आणि पाचशे किलोमीटरांनी पॉइंटची गॅप पुन्हा मोजा. ०.३८ ची ०.३३ झालेली दिसली तर घाबरू नका, पुन्हा लावा आणि टायमिंग एकदा पाहून घ्या. त्यानंतर ती बराच काळ हलत नाही.